कोऱ्या पानाचे पूर्वग्रह

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध सादर होण्याच्या आदल्या संध्याकाळी विस्कटला. ती छपाईसाठी दुकानात गेली होती. तिच्या संगणकावर वर्डचे पान अमेरिकेत चालणाऱ्या 'लेटर' आकाराचे होते, हे तोवर तिच्या लक्षात आले नव्हते आणि मार्गदर्शक असूनही माझ्या लक्षात आले नव्हते. दुकानदाराने पान ए-फोर केले आणि मजकूर सरकला. ८७व्या पानावर सुरू होणारे तिसरे प्रकरण ८४व्या पानावर आले. अनुक्रमणिका तिने हाताने टाइप केलेली. तिच्यातले जवळजवळ सगळे आकडे खोटे ठरले. रात्रभर जागून तिने ते दुरुस्त केले. दुसऱ्या दिवशी तिने विचारले, "सर, माझं चुकलं कुठे?"

तिने पान उघडले होते आणि ते कोरे आहे असे मानले होते, इतकेच. तसे मानायला तिला आम्हीच शिकवले होते.

वर्डमधले नवे पान 'नॉर्मल' नावाच्या साच्यातून निघते. समास, दोन ओळींमधले अंतर, फाँट, अक्षरांचा आकार, शीर्षकांच्या शैली हे सारे तिथे आधीच ठरलेले असते. ठरवणारे अर्थातच दुसरे कोणी असतात आणि ते आपला निर्णय बदलतातही. २००७ साली टाइम्स न्यू रोमन जाऊन कॅलिब्री आला. २०२३ साली कॅलिब्रीच्या जागी ॲप्टॉस येत असल्याचे जाहीर झाले. या बदलांवर इंग्रजी जगात बरीच चर्चा झाली. आपल्याकडे झाली नाही, आणि त्याला कारणही आहे. या तिन्ही फाँटांमध्ये देवनागरी अक्षरे नाहीतच.

मग आपली अक्षरे येतात कुठून? वर्ड प्रत्येक मजकुरासाठी वेगवेगळी खाती ठेवतो. एक लॅटिन लिपीचे, दुसरे 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'चे, म्हणजे गुंतागुंतीच्या लिप्यांचे. देवनागरी या दुसऱ्या खात्यात मोडते. तिचा फाँट वेगळा, आकार वेगळा. गंमत अशी, की संगणकावर अशी एखादी भाषा आधी सुरू केलेली नसेल, तर फाँट निवडण्याच्या चौकटीत हे दुसरे खाते दिसतही नाही. ज्या लिपीत आपण आयुष्यभर वाचले, लिहिले, ती तिथे अपवाद म्हणून नोंदलेली असते.

या खात्यात बहुधा 'मंगल' हा फाँट असतो. विंडोज २००० पासून तो लाखो संगणकांवर पोचला. तो रचला कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी. मराठी कवितेच्या अभ्यासकांना हे नाव परिचित असते. पण आपला शोधनिबंध त्यांनीच घडवलेल्या अक्षरांत उमटतो आहे, हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नसते. साहित्याच्या इतिहासाचा हा तुकडा आपल्या डोळ्यांसमोर असतो आणि आपण तो वाचत नाही.

आता 'ल' आणि 'श' यांकडे पाहा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाणित केली, तेव्हा पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठी वळणे स्वीकारली. युनिकोडमध्ये मात्र मराठी ल आणि हिंदी ल यांना एकच संकेतांक आहे. वळण कोणते दिसावे हे फाँट ठरवतो. काही फाँटांमध्ये दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदलेली असेल, वापरात असलेल्या प्रणालीला ती सोय ओळखता येत असेल, तर मराठी वळण उमटते. म्हणजे मजकूर कोणत्या भाषेतला आहे हे साच्यात नोंदणे ही निव्वळ औपचारिकता नव्हे. वर्गात प्रमाणलेखनावर तास घ्यायचा आणि स्वतःचा लेख मात्र हिंदी किंवा इंग्रजी म्हणून नोंदलेल्या पानावर लिहायचा, हा विरोधाभास आपण किती काळ चालवणार?

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकतो. ही टंकलेखकाची कामे आहेत, साहित्याच्या अभ्यासकाने आशयाकडे पाहावे. आक्षेप घेणारे सहकारी माझ्याहून ज्येष्ठ आणि व्यासंगी आहेत, म्हणून तो हसण्यावारी नेत नाही. पण हस्तलिखिताची प्रत, तिचा कागद, लेखनिकाच्या खोडी यांचा अभ्यास आपण पाठचिकित्सेत करतोच ना? जुन्या पोथीच्या बाबतीत जे शास्त्र, ते आपल्या स्वतःच्या पानाच्या बाबतीत हलके काम कसे ठरते? शिवाय टंकलेखक आता राहिला नाही. आपणच टंकलेखक आहोत, आणि त्याच्याजवळ असलेले कसब मात्र आपण घेतलेले नाही.

करायचे ते फार अवघड नाही. वर्डमध्ये फाँटच्या चौकटीत देवनागरीचा फाँट व आकार निवडून 'सेट ॲज डिफॉल्ट' केले आणि 'नॉर्मल' साच्यावर आधारित सर्व दस्तऐवजांसाठी असा पर्याय दिला, की पुढचे प्रत्येक नवे पान तसेच उघडते. लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीसारख्या लिप्यांचे मूळ फाँट वेगळे ठरवता येतात आणि आपण जतन केलेला साचा कायमचा नेमता येतो. मात्र असा बदल त्या एका संगणकापुरता असतो. विभागासाठी हवा वेगळा, सर्वांना वाटता येईल असा साचा: ए-फोर कागद, बांधणीसाठी डावीकडे मोठा समास, मराठी ही भाषा, वेलांटी आणि उकार एकमेकांना भिडणार नाहीत इतके ओळींमधले अंतर, आणि प्रकरण-उपप्रकरणांच्या ठरलेल्या शैली. शीर्षकांना शैली दिली की अनुक्रमणिका यंत्रच तयार करते आणि पाने सरकली तरी एका आज्ञेसरशी नवे आकडे भरते. त्या विद्यार्थिनीची रात्र एवढ्यावर वाचली असती.

आमच्या विभागाने असा साचा केला. त्यासाठी बसलो, तेव्हा एक अख्खी दुपार वादात गेली. तळटीपा पानाखाली की प्रकरणाअखेर? अवतरणे तिरप्या अक्षरांत घ्यावीत का, देवनागरीला तिरपेपणा शोभतो का? आकडे मराठी की इंग्रजी? अभ्यासक्रमावरच्या बैठकांत कधी न बोलणारे सहकारीही त्या दिवशी हिरिरीने बोलले. मराठीचे पान कसे दिसावे, हा प्रश्न कित्येक वर्षांत आम्हांला कोणी विचारलाच नव्हता. साचा अजून पक्का झालेला नाही, तिरप्या अक्षरांवर मतभेद आहेत. पण आता जे ठरेल ते आमचे आम्ही ठरवलेले असेल.