आधी काम विचारा, मग अश्वगंधा द्या

नगरच्या नागापूर किंवा सुपा एमआयडीसीच्या आसपास दवाखाना असलेल्या वैद्यांना हे चित्र नवे नाही. मूल होत नाही म्हणून जोडपे येते आणि टेबलावर आधी बाईच्या तपासण्यांची जाडजूड फाइल येते. नवऱ्याच्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात एकच शब्द असतो: नोकरी. तो जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवतो, रेडिएटरला सोल्डर मारतो, की प्लेटिंगच्या टाकीवर उभा असतो, हे कुणी विचारलेलेच नसते. रिपोर्टमध्ये शुक्राणू कमी दिसले की अश्वगंधा, गोक्षुर, कवचबीज लिहून आपण मोकळे होतो.

कॅडमियम वृषणाचा कसा नाश करते, हे उंदरांवरील प्रयोगांत १९५६ सालीच दिसले. शिसे शुक्राणूच्या प्रोटामिनमधील जस्ताची जागा बळकावते आणि ऑक्सिडेटिव्ह ताण वाढवते. अश्वगंधा, आवळा, शेवगा यांनी ही हानी कमी होते, असे सांगणारे बरेच शोधनिबंध आहेत. पण ते बहुतांशी उंदरांवरचे. त्यांत वनस्पती अनेकदा धातूच्या आधी किंवा धातूबरोबरच दिलेली असते. आपला रुग्ण मात्र वर्षानुवर्षे शिसे हाडांत मुरवून येतो आणि उद्या सकाळी पुन्हा त्याच भट्टीवर जातो. २०१३ साली शुक्राल्पता असलेल्या ४६ पुरुषांवरील चाचणीत रोज ६७५ मिलिग्रॅम अश्वगंधा अर्क ९० दिवस दिल्यावर शुक्राणू वाढले, हे खरे. पण ती चाचणी धातूंच्या विषबाधेची नव्हती. तिच्या आधारे ‘शिशावर उतारा’ असा दावा करणे शास्त्राला धरून नाही.

आता थोडा घरचा अहेर. नागभस्म म्हणजे शिसेच. ज्याच्या रक्तात आधीच शिसे आहे, त्याला ते शुक्रदौर्बल्यासाठी देण्याआधी दहादा विचार व्हायला हवा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. वनस्पतीही जमिनीतून धातू शोषून घेते. म्हणूनच चूर्णात शिसे १० पीपीएम आणि कॅडमियम ०.३ पीपीएमच्या आत असल्याचा बॅचचा अहवाल कंपनीकडे मागायलाच हवा.

मग करायचे काय? नेमके काम, घरी नेले जाणारे कामाचे कपडे, तंबाखू आणि आधी घेतलेली भस्मे यांची विचारपूस करा. संशय आला तर रक्तातील शिसे तपासा. ते ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त असेल, तर स्रोत शोधून तो तोडावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पातळी फार वाढलेली असेल तर रुग्णाला वेळ न दवडता तज्ज्ञाकडे पाठवा. कारखान्यातील शिशाची विषबाधा कळवण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाने कायद्यापासून डॉक्टरवर आहे, हेही ध्यानात असू द्या. संपर्क तुटल्यावर वनौषधी जरूर द्या. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून वीर्यतपासणी औषधापूर्वी आणि तीन महिन्यांनी, एकाच लॅबमध्ये करा.

वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली नगरला आयुर्वेद महाविद्यालय उभे केले. त्या नगरच्या वैद्यांकडे रुग्ण आहेत, परंपरा आहे. कमतरता आहे ती नोंदींची. पुढील अंकापासून अशा नोंदींसाठी आम्ही दोन पाने राखून ठेवत आहोत. गुण आलेल्या रुग्णांबरोबर न आलेल्यांच्याही नोंदी पाठवा. गुण न आलेल्यांच्या आम्ही आधी छापू.