टोचलेली लस आणि हरवलेली नोंद

२०२१ च्या ऑक्टोबरमधील एक वाद आज बहुतेकांच्या विस्मरणात गेला असेल. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली कोव्हिशिल्ड लस घेतलेल्या भारतीय प्रवाशांना ब्रिटनमध्ये उतरल्यावर विलगीकरणात राहण्याची सक्ती होती. वास्तविक ही लस ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधनातून जन्माला आलेली, आणि ब्रिटनने तिला मान्यताही दिलेली. तरीही आक्षेप होता, आणि तो लसीवर नसून प्रमाणपत्रावर होता. कोविनच्या प्रमाणपत्रावर वय छापले जाई, पूर्ण जन्मतारीख नसे. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार ती दिवस, महिना, वर्ष अशी हवी, असे सांगितले गेले. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांवर तसेच निर्बंध घालून जशास तसे उत्तर दिले, कोविनमध्ये पूर्ण जन्मतारखेची सोयही केली आणि ११ ऑक्टोबरपासून हा अडसर दूर झाला.

ब्रिटनच्या त्या वर्तनातील अहंमन्यता जगाने पाहिली, आणि भारताने ती खपवून घेतली नाही हे योग्यच झाले. परंतु या प्रसंगातून घेण्यासारखा एक बोधही आहे. लस कितीही गुणकारी असली तरी ती दिल्याची नोंद समोरच्याला वाचता आली नाही, तर त्याच्या लेखी ती दिलेलीच नसते. जे दोन देशांमध्ये घडले, तेच रोज दोन तालुक्यांमध्ये, दोन दवाखान्यांमध्ये आणि एकाच गावातील दोन कर्मचाऱ्यांमध्ये घडत असते. तेथे विमानतळ नसतो, वृत्तपत्रांचे मथळे नसतात. असते ते आईच्या कडेवरचे मूल.

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील गडहिंग्लज तालुका या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. हिरण्यकेशीच्या काठावरील हे गाव आजरा आणि चंदगड या शेजारच्या तालुक्यांचीही बाजारपेठ. त्यामुळे उपजिल्हा रुग्णालयापासून खाजगी बालरोगतज्ज्ञांपर्यंत वैद्यकीय सेवा येथे एकवटलेली. काही मैलांवर राज्याची सीमा. पलीकडे संकेश्वर, हुक्केरी, निपाणी. येथील सोयरीक त्या सीमारेषेने कधीच मानलेली नाही. गडहिंग्लजची सून पहिल्या बाळंतपणासाठी संकेश्वरच्या माहेरी जाते, तेव्हा बाळाची पहिली लस कर्नाटकाच्या दप्तरात नोंदली जाते आणि दीड महिन्याची लस महाराष्ट्राच्या. पहिल्या नोंदीवर बाळाला नावही नसते, कारण बारसे व्हायचे असते; ‘अमुकचे बाळ’ एवढीच त्याची ओळख. आईचे नाव कधी माहेरच्या आडनावाने, कधी सासरच्या. महिन्या-दीड महिन्याने तेच बाळ स्वतःच्या नावाने, वडिलांच्या गावच्या पत्त्यावर दुसऱ्या केंद्रात येते. माणसाला कळते की मूल एकच आहे. संगणकाला ती दोन मुले वाटतात. पैकी एकाची पहिली लस चुकलेली असते आणि दुसरे पहिल्या लसीनंतर नाहीसे झालेले असते.

याच भागात ऊसतोडीच्या हंगामात बीड आणि मराठवाड्याच्या अन्य भागांतून टोळ्या येतात. कारखान्याच्या परिसरात खोप्या पडतात, चार-पाच महिने मुक्काम होतो आणि फड संपला की बिऱ्हाड हलते. तान्ही मुले सोबतच असतात. त्यांतील एखाद्याचे लसीकरणाचे कार्ड गावी राहिले, पावसात भिजले, की स्थानिक आरोग्यसेविकेपुढे प्रश्न उभा राहतो. याला गोवर-रुबेलाची लस मिळाली आहे का? आई म्हणते, ‘सुया टोचल्यात की.’ कोणत्या, केव्हा, किती, हे ती कसे सांगणार? अशा वेळी नियमाप्रमाणे लस पुन्हा द्यावी, तर एक मात्रा वाया जाते आणि बाळाला आणखी एक सुई सोसावी लागते. न द्यावी, तर बाळ असुरक्षित राहते. २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी परिसरात, मालेगाव आणि भिवंडीत गोवराने जे थैमान घातले, त्यात लशीच्या मात्रा चुकलेली किंवा अपुऱ्या राहिलेली मुलेच प्रामुख्याने बळी पडली. ती मुले कोठे आहेत हे साथीपूर्वी कळले असते, तर काही घरांतील पाळणे रिकामे झाले नसते.

नोंदीचे महत्त्व आजच कळू लागले आहे असे नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी हाफकिन यांची प्लेगप्रतिबंधक लस १०७ जणांना टोचण्यात आली आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेवर आणि खुद्द हाफकिन यांच्यावर ठेवला गेला. पण मृत्यू पावलेल्या सर्वांना एकाच क्रमांकाच्या बाटलीतील लस दिली गेली होती, हे नोंदींवरून स्पष्ट होते. दोष प्रयोगशाळेत होता की बाटली उघडली त्या जागी, हा प्रश्न त्यामुळेच विचारता आला. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी बाजू घेतली आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. ज्या संस्थेला आज आपण हाफकिन संस्था म्हणतो, तिच्या संस्थापकाची अब्रू वाचण्यामागे बाटलीवरील एका क्रमांकाचाही हात होता. लशीचा गट क्रमांक लिहिणे ही कारकुनी नव्हे, हे सांगण्यासाठी याहून वेगळे उदाहरण नको.

स्वतंत्र भारताने या क्षेत्रात केलेले काम अभिमानास्पद आहे. १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण आढळला नाही. १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये पोलिओमुक्तीवर शिक्कामोर्तब झाले. कोरोनाकाळात १६ जानेवारी २०२१ ला मोहीम सुरू झाली आणि १७ जुलै २०२२ ला २०० कोटी मात्रांचा टप्पा पार झाला. प्रत्येक मात्रेची संगणकीय नोंद कोविनवर होती. त्याच अनुभवावर बालकांच्या व गर्भवती मातांच्या लसीकरणासाठी यू-विन उभे राहिले. जानेवारी २०२३ मध्ये ६५ जिल्ह्यांत त्याचा प्रयोग झाला आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, धन्वंतरी जयंतीच्या दिवशी, पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. कोठेही लस घ्या आणि कोठूनही नोंद पाहा, हे त्याचे सूत्र आहे. गडहिंग्लजच्या सुनेसाठी आणि ऊसतोडणीच्या खोपीतील बाळासाठी याहून उपयुक्त सूत्र दुसरे कोणते असणार?

मात्र संगणक आणला म्हणजे शिस्त आली असे होत नाही. एकाच मुलाची माहिती आपल्याकडे किती ठिकाणी लिहिली जाते, ते पाहावे. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत. गर्भारपणाची आणि बाळाची नोंद आरसीएच पोर्टलवर, त्याआधी २००९ पासून माता-बालक नोंदणीच्या जुन्या प्रणालीवर. अंगणवाडीत वजन-उंचीची नोंद २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर. लशींचा साठा आणि शीतपेट्यांचे तापमान ईविनवर. महिन्याची गोळाबेरीज आणखी एका पोर्टलवर. शिवाय आशाताईंची वही आणि आरोग्यसेविकेचे रजिस्टर आहेच. यांतील प्रत्येक व्यवस्था सद्हेतूने उभी राहिली, पण प्रत्येकीने मुलाला आपापला वेगळा क्रमांक दिला. एका व्यवस्थेचे दुसरीला कळत नाही आणि दिवसभर पायपीट करून आलेल्या सेविकेला तीच माहिती पुन्हा पुन्हा भरावी लागते. सात दिवसांच्या नोंदी एका संध्याकाळी भरताना लस दिल्याच्या तारखेऐवजी नोंद भरल्याची तारीख पडली, की पुढच्या मात्रेचा हिशेब चुकलाच. दोष तिचा कमी, व्यवस्थेचा अधिक.

येथेच प्रमाणीकरणाचा मुद्दा येतो. हा शब्द रुक्ष वाटतो, पण त्याचा अर्थ आपल्या बाजारपेठांना पूर्वीपासून ठाऊक आहे. गावोगावची मापे वेगळी असताना व्यापारात फसगत होत असे. शेर आणि पायली यांच्या जागी किलो आला, तेव्हा गडहिंग्लजचे पोते मुंबईतही तेवढेच भरू लागले. माहितीचेही तसेच आहे. गडहिंग्लज हे नाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिले जाते. म्हणून गावाची ओळख स्पेलिंगवर न ठेवता केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या गावक्रमांकावर ठेवली पाहिजे. सरकारी केंद्रात बाळाला पाच रोगांवरील पेंटाव्हॅलेंट लस मिळते आणि पोलिओची सुई वेगळी दिली जाते. खाजगी दवाखान्यात काही वेळा सहा रोगांवरील एकच लस दिली जाते आणि तिच्यात पोलिओचाही समावेश असतो. कार्डावर फक्त कंपनीने दिलेले नाव लिहिले असेल, तर पुढच्या केंद्रातील सेविकेने पोलिओची सुई द्यावी की नाही? प्रत्येक लशीला एक ठरलेला संकेतांक असेल आणि त्यावरून तिच्यातील घटक कळत असतील, तर हा पेच उद्भवतच नाही.

बाहेरच्या जगाने हे काम कसे केले, त्याकडेही पाहावे. ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये बालकांची राष्ट्रीय लसीकरण नोंदवही सुरू केली आणि २०१६ मध्ये ती सर्व वयोगटांसाठी खुली केली. अमेरिकेत राज्याराज्यांच्या नोंदणी-व्यवस्था स्वतंत्र आहेत; पण त्या चालवणाऱ्यांनी १९९९ मध्ये आपली व्यावसायिक संघटना उभारली. लशींचे संकेतांक तेथे सर्वत्र सारखे आहेत. आणि एकच मूल दोनदा नोंदले गेले तर काय करायचे, यासारखे व्यवहारातील नियम डॉक्टर, परिचारिका आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसून ठरवतात. आपल्याकडे २०१३ मध्ये वैद्यकीय नोंदींची राष्ट्रीय मानके जाहीर झाली, २०१६ मध्ये ती सुधारली गेली आणि २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. म्हणजे नियमांची वाण नाही. वाण आहे ती, ते पाळणाऱ्यांनी एकमेकांशी बोलण्याची.

म्हणून आमचा आग्रह आहे की या कामाचा प्रारंभ तालुक्यापासून व्हावा. तालुका आरोग्य अधिकारी, उपजिल्हा रुग्णालय, बालविकास प्रकल्प अधिकारी, जन्मनोंदणी करणारे ग्रामपंचायत अधिकारी आणि खाजगी बालरोगतज्ज्ञ यांनी महिन्यातून एकदा एका टेबलाभोवती बसावे. महिन्यातील जन्मांची यादी आणि पहिल्या लसीची यादी शेजारी ठेवावी. जे नाव एकीत आहे आणि दुसरीत नाही, त्याच्या घरी कोण जाणार हे तेथेच ठरावे. खाजगी डॉक्टरांनी दिलेली प्रत्येक मात्रा शासकीय नोंदीत यावी, आणि त्यासाठी त्यांच्यावर कागदांचे नवे ओझे पडू नये. साखर कारखान्यांनी हंगामाच्या प्रारंभी टोळ्यांसोबत आलेल्या बालकांची यादी आरोग्य विभागाला द्यावी. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी परस्परांशी थेट संपर्क ठेवावा. सीमाप्रश्न न्यायालयात आहे. बाळाची पुढची लस त्याच्या निकालापर्यंत थांबू शकत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरील एका बॉटद्वारे लस घेतलेल्यांची खाजगी माहिती मिळत असल्याचे प्रसिद्ध झाले. कोविन सुरक्षित असल्याचा निर्वाळा शासनाने दिला, पोलिसांनी अटकही केली. तथापि लोकांच्या मनात शंका निर्माण झाली. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून अल्पवयीनांच्या माहितीला त्यात विशेष संरक्षण आहे. या कायद्याची अंमलबजावणी चोख झाली पाहिजे. आई आपल्या बाळाची माहिती विश्वासाने सांगते. तो विश्वास एकदा तुटला, की ती दुसऱ्यांदा दारात येणार नाही, आणि मग उत्तमोत्तम संगणकही रिकामाच राहील.

शासनाने साधन दिले आहे; ते चालते ठेवणे हे समाजाचेही काम आहे. आरोग्याच्या क्षेत्रात सेवाभावाने काम करणाऱ्या संस्था, गणेशोत्सव मंडळे, महिला बचत गट यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. खोपीवर जाऊन मुलांची यादी करणे, मोबाईल वापरता न येणाऱ्या आईला नोंद करून देणे, कार्ड जपून ठेवण्याची सवय लावणे, यासाठी मोठा निधी लागत नाही. पोलिओच्या दोन थेंबांसाठी घरोघर फिरलेल्या कार्यकर्त्यांनी आणि सेविकांनी हे पूर्वी करून दाखवले आहे. देशातल्या कोणत्याही मुलाची नोंद गावाच्या, जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या वेशीवर हरवू नये, एवढा निश्चय आता केला पाहिजे, आणि गडहिंग्लजसारख्या सीमेवरील तालुक्याने त्याचा पहिला धडा घालून द्यावा.