प्रयोगशाळेच्या खिडकीतून : बाबांचा रिपोर्ट

गेल्या अंकात पाण्याच्या फिल्टरबद्दल लिहिलं होतं आणि या वेळी क्लोरीनवर लिहीन असं कबूल केलं होतं. ते पुढच्या खेपेला. मध्यंतरी आमच्या घरी एक रिपोर्ट आला, आणि तो विषय आपल्यापैकी बऱ्याच घरांतला आहे.

माझे बाबा, वय ७४, सहा महिन्यांसाठी पुण्याहून आले आहेत. रोज थॉमस जेफरसन पार्कमध्ये गांधीजींच्या पुतळ्यापर्यंत फिरायला जातात. या वेळी तोच प्रश्न दोन-दोनदा विचारू लागले. पायांना मुंग्या येतात म्हणायचे, ते मी चपलांवर ढकललं. एकदा परत येताना रस्ता चुकले आणि तासभर उशिरा घरी आले, तेव्हा मात्र घाबरले. मग एमआरआय झाला.

हल्ली इथे रिपोर्ट डॉक्टरांच्या फोनआधी आपल्या फोनवर येतो (२०२१ पासून तसा नियमच आहे). रात्री साडेदहाला आला. त्यात एक ओळ होती, ‘माइल्ड जनरलाइज्ड व्हॉल्यूम लॉस’. म्हणजे मेंदूचं आकारमान थोडं घटलंय. मी रसायनशास्त्राची डॉक्टर, माणसांची नव्हे. तरी दोन वाजेपर्यंत वाचत बसले आणि सकाळी पुण्याला दादाला फोन करून अल्झायमर सांगून मोकळी झाले. वहिनी रडल्या. हा सगळा माझा उद्योग.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी दोनच प्रश्न विचारले. शाकाहारी आहेत का? मधुमेहाची मेटफॉर्मिन किती वर्षं घेतात? उत्तर : जन्मापासून, आणि बारा वर्षं. रक्त तपासलं. बी-१२ निघालं १४२. इथल्या एककात २०० च्या खाली म्हणजे कमतरता.

आता थोडं शास्त्र. मेंदूचा करडा भाग, म्हणजे ग्रे मॅटर, हा मुख्यतः चेतापेशींच्या शरीरांचा असतो. पांढरा भाग त्यांच्या तारांचा. करडा भाग वयाबरोबर सगळ्यांचाच हळूहळू कमी होतो. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, दारू असलेल्यांमध्ये तो सरासरीनं अधिक घटलेला आढळतो. पण एका फोटोवरून तो कशानं घटला ते कळत नाही. शिवाय सरासरी कुणाची, हाही प्रश्न आहेच. हैदराबादच्या ट्रिपल आयटीनं २०१९ मध्ये शंभर निरोगी तरुण भारतीयांच्या मेंदूंचा नकाशा तयार केला, तेव्हा आपले मेंदू पाश्चात्त्य सरासरीपेक्षा आकारानं लहान निघाले. (अकलेनं नव्हे. नवऱ्याला हे दोनदा सांगावं लागलं.)

बी-१२ ची गोष्ट मात्र थेट आपल्या पुण्याची आहे. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ४४१ पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. ही सरासरी चाळिशीच्या आतबाहेरची माणसं होती, खेड्यातली, झोपडपट्टीतली आणि शहरी मध्यमवर्गातली. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के! म्हणजे आपणच की. त्याआधी २००१ मध्ये याज्ञिकांबरोबर पुणेकरांचं रक्त तपासणाऱ्या हेल्गा रेफसुम नावाच्या नॉर्वेजियन संशोधिका होत्या. पुढे ऑक्सफर्डच्या एका प्रयोगातही त्यांचं नाव दिसतं. तिथे सत्तरीपुढच्या, किंचित विसरभोळ्या झालेल्या माणसांना दोन वर्षं बी-१२, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-६ दिलं. २०१० साली निष्कर्ष आला की गोळ्या घेणाऱ्यांचा मेंदू सुमारे ३० टक्के कमी वेगानं आकसला. २०१३ मध्ये त्याच प्रयोगातले एमआरआय पुन्हा पाहिले, तेव्हा अल्झायमरमध्ये जो करडा भाग आधी झिजतो नेमका तिथला फरक मोठा निघाला. पण फक्त ज्यांच्या रक्तात होमोसिस्टीन जास्त होतं त्यांच्यात.

हे होमोसिस्टीन म्हणजे शरीरात तयार होणारं एक अमिनो आम्ल. त्याचं मेथिओनिनमध्ये रूपांतर व्हायला बी-१२ लागतं. ते नसलं की होमोसिस्टीन साचतं, मोरीला बोळा बसल्यासारखं. बी-१२ चा रेणू मोठा देखणा आहे, मधोमध कोबाल्टचा एक अणू. डोरोथी हॉजकिन यांनी त्याची रचना क्ष-किरणांनी उलगडली आणि १९६४ चं नोबेल मिळवलं. तो फक्त जिवाणू आणि तत्सम सूक्ष्मजीवच बनवतात, वनस्पती नाही. म्हणून मेथी-पालक कितीही खा. स्पिरुलिनात असतं तो बहुतांशी आपल्या शरीराला निरुपयोगी असा त्याचा तोतया. दुधात असतं, पण आपण दूध उकळून उकळून त्यातलं काही घालवतो. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून तूट उशिरा लक्षात येते.

लगेच सगळ्यांनी गोळ्यांच्या बाटल्या आणू नयेत. २०१४ मध्ये ११ चाचण्यांतल्या सुमारे २२ हजार लोकांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा बी जीवनसत्त्वांनी स्मरणशक्तीत काही फरक पडलेला दिसला नाही. अर्थात त्या चाचण्या कमतरता असलेल्यांसाठी म्हणून घेतलेल्या नव्हत्या. ज्याची टाकी भरलेली आहे त्याला आणखी पेट्रोल काय कामाचं?

एक गोष्ट इथल्या कायमच्या रहिवाशांसाठी. अमेरिकेत १९९८ पासून मैद्यात फॉलिक अ‍ॅसिड घालणं सक्तीचं आहे. चांगलंच आहे ते, पण भरपूर फॉलिक अ‍ॅसिडमुळे बी-१२ कमी असूनही रक्त नॉर्मल दिसू शकतं आणि नसांचं नुकसान गुपचूप चालू राहतं. तेव्हा ‘माझं हिमोग्लोबिन तेरा आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. आकडा २०० ते ३०० च्या मधे आला, तर मेथिलमॅलोनिक अ‍ॅसिडची तपासणी करायची का ते डॉक्टरांना विचारा. आईवडील मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेत असतील तर ही तपासणी तिकीट काढण्याआधी तिकडेच करून घ्यावी. व्हिजिटर इन्शुरन्सचा अनुभव काय असतो, ते सांगायला नकोच.

बाबांना इंजेक्शनं सुरू होऊन तीन महिने झाले. मुंग्या बऱ्याच कमी आहेत. प्रश्न अजूनही कधीकधी दोनदा येतो. त्यातलं बी-१२ किती, वय किती, हे डॉक्टरही सांगत नाहीत. गेल्या रविवारी त्यांनी पुण्याच्या धाकट्या काकांना दम देऊन तपासणीला पाठवलं. आकडा १६८. काका म्हणतात, ‘मला काहीही झालेलं नाही.’ फोन स्पीकरवर होता आणि हेच वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.