हद्दीपलीकडचं कॉलेज

निपाणीला लागूनच अर्जुननगरचं देवचंद कॉलेज. मध्ये राज्याची हद्द. निपाणी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात. कॉलेज महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यात, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या आईची मुलगी रोज ही हद्द ओलांडते, पण तिचे कागद ओलांडत नाहीत. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला सगळं कर्नाटकचं, मजकूर कन्नडमध्ये. शिष्यवृत्तीचे बरेच अर्ज मागतात महाराष्ट्राचा अधिवास. परीक्षेच्या तोंडावर अभ्यासाची वही मिटून ती झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभी राहते. हा ताण कुठल्याही वेळापत्रकात दिसत नाही.

बेळगावजवळ २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, तिथे मराठी विभागही आहे. पण तिथल्या मुलांना प्रबंधाच्या संदर्भांसाठी कोल्हापूर, पुणे गाठायचं तर बरीच भिस्त एसटीवर. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद पेटला, गाड्यांवर दगड पडले आणि एसटीने कर्नाटकातल्या फेऱ्या थांबवल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा फेऱ्या बंद. नेत्यांची भाषणं छापून आली. बसस्थानकावर ताटकळलेल्या पोरांचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याच्या निकालापर्यंत या मुलांना थांबवून ठेवू नका. महाराष्ट्र ज्या गावांवर हक्क सांगतो, तिथल्या विद्यार्थ्यांचे कर्नाटकी दाखले त्याने शिष्यवृत्तीसाठी ग्राह्य धरावेत. बस बंद असेल त्या दिवशी हुकलेला पेपर पुन्हा घेण्याचा लेखी नियम दोन्ही विद्यापीठांनी येत्या सत्राआधी करावा.