नोंदीबाहेरची तळी

पनवेल तालुक्यातील विकासाची चर्चा विमानतळ, महामार्ग आणि गृहसंकुले यांभोवती फिरते. पर्यावरणाचा विषय निघालाच तर तो खाडीकाठच्या खारफुटीपाशी थांबतो. कर्नाळ्यासारख्या डोंगराळ जंगलपट्ट्यात पावसाळ्यात भरणाऱ्या आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या लहान तळ्यांची दखल मात्र अभावानेच घेतली जाते.

रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. उतारावरची बारीक माती वाहत येऊन खोलगट जागी साचते व तिच्या चिकण थरावर पाणी तुंबते. काही दिवसांतच या मातीतील प्राणवायू संपतो. त्यानंतर तेथील सूक्ष्मजीव लोहाची संयुगे वापरू लागतात. परिणामी उतारावर तांबूस असणारी माती तळ्याच्या बुडाशी करडी होते. पाणी ओसरताना मुळांच्या वाटेने हवा आत शिरते आणि करड्या मातीत गंजासारखे ठिपके उमटतात. भर उन्हाळ्यातही तळ्याची ही खूण मातीत कायम असते.

वनस्पतींनीही या चक्राशी जुळवून घेतले आहे. कुमुदिनी आणि लव्हाळ्याच्या जातींमध्ये हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून बुडालेल्या मुळांना प्राणवायू मिळतो. काठावर करंज, जांभूळ असे ओल सोसणारे वृक्ष तग धरतात. भेगाळलेल्या चिखलात बिया व कंद पुढच्या पावसाची वाट पाहतात. तळे दरवर्षी आटत असल्याने मासे टिकत नाहीत आणि बेडकांची पिल्ले सुरक्षित वाढतात.

कायद्याची नजर मात्र येथवर पोहोचत नाही. २०११ च्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात सव्वादोन हेक्टरहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळींची नोंद झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये संरक्षण दिले ते याच पाणथळींना. त्याहून लहान ५,५५,५५७ जागा नकाशावर केवळ ठिपके म्हणून राहिल्या. त्यातच २०१७ च्या पाणथळ नियमांनी वनकायद्याखालील क्षेत्रे वगळली. वनकायद्यांमुळे जमीन वाचते हे खरे. परंतु तळ्याचे पाणी व माती यांचा स्वतंत्र विचार त्यांत नाही.

यातून उद्भवणारा धोका केवळ अतिक्रमणाचा नाही. पाणी वर्षभर टिकावे या सद्हेतूने तळे खोल केले, की चिकण थर फुटतो आणि बियांचा साठा गाळाबरोबर बाहेर फेकला जातो. काठ सिमेंटने बांधले, तर उतारावरून येणारे पाणी अडते. जवळच्या रस्त्याच्या भरावानेही हेच घडते.

त्यामुळे वन विभागाच्या कार्य आयोजनेत अशा तळ्यांची स्वतंत्र नोंद व्हायला हवी. त्यासाठी पावसाळ्यातील पाहणी पुरेशी नाही. उन्हाळ्यात मातीचा रंग तपासला, तरी तळ्याची हद्द निश्चित करता येते. कोरडी दिसणारी जमीन रिकामी समजण्याची सवय प्रशासनाने सोडली, तर यातील बरीच तळी वाचू शकतील.