डॅशबोर्डावरचा चौकोनी खण

मोटारीत कंपनीने दिलेला स्टिरिओ काढून दुसरा बसवणे ही निव्वळ हौस आहे, असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते त्यात मालकी हक्काचा प्रश्न आहे.

जर्मनीत ठरलेले एक माप १९८४ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले : १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असा खण. उंची दुप्पट केली की त्याला 'डबल डिन' म्हणतात. या साध्या मापाने केवढे काम केले! गाडी एका कंपनीची, स्टिरिओ दुसरीचा आणि निवड मात्र मालकाची. योग्य कपलर मिळाला तर गाडीची एकही वायर कापावी लागत नाही. कॅसेटच्या काळातल्या गाडीत आज ब्लूटूथ बसते, ते या खणामुळेच.

अनेक नव्या गाड्यांत मात्र हा खणच उरलेला नाही. गाणी, वातानुकूलन, मागचा कॅमेरा, सारे एकाच पडद्यात गुंफलेले असते. त्यात सोय आहे, हे मी नाकारत नाही. पण इंजिन अजून दणकट असताना पडदा जुनाट झाला, तर मालकाने काय करावे? तो बदलायचा म्हणजे अर्ध्या गाडीलाच हात घालणे आले.

वायरी तोडून वॉरंटी घालवणाऱ्या उतावळेपणाची तरफदारी मी करणार नाही. मागणी एवढीच, की जे आधी जुने होणार ते सुटे निघावे. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर एवढा तरी आपला अधिकार असावा की नाही?