नाइटकॅपची दुसरी फेरी

पीटरसनच्या पाइपच्या तंबाखूबद्दल माझं मत धड चांगलं नव्हतं, धड वाईटही नव्हतं. ‘अर्ली मॉर्निंग पाइप’ आवडली होती, ‘नाइटकॅप’ डोईजड झाली होती आणि ‘माय मिक्स्चर 965’बद्दल काहीच ठरेना म्हणून तो डबा कपाटात मागे गेला होता. यंदा भाचा लंडनहून पुन्हा तेच डबे घेऊन आला. नको म्हणायची सोय नव्हती. शिवाय पुण्यात ही तंबाखू सहजासहजी मिळत नाही, हेही खरंच.

मुळात ही मिश्रणं पीटरसनची नव्हेतच. वडिलांचा घोड्यांच्या साजाचा धंदा हाती आलेल्या आल्फ्रेड डनहिलने 1907 मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचं दुकान थाटलं. गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे मिश्रण करून द्यायचं, वहीत त्याची नोंद ठेवायची आणि नोंदीला क्रमांक द्यायचा, ही त्याची पद्धत. 965 हा त्यातलाच एक. पुढे 1981 मध्ये हे काम बेलफास्टच्या मरे कंपनीकडे गेलं, नंतर डेन्मार्कला. 2018 मध्ये डनहिलच्या नावाने पाइपची तंबाखू निघणं थांबलं आणि लवकरच तीच मिश्रणं पीटरसनच्या नावाने आली. पीटरसन हे डब्लिनचं पाइप बनवणारं जुनं नाव. म्हणजे दुकान लंडनचं, नाव डब्लिनचं आणि कारखाना डेन्मार्कचा. ‘मरेच्या वेळची चव आता राहिली नाही’ म्हणून उसासे टाकणारे जुने शौकीन असतात. मरेच्या वेळीही कुणीतरी लंडनच्या नावाने उसासे टाकत असणारच.

या डब्यांचा जीव लताकियात आहे. सिरियातल्या बंदराचं नाव मिळालेली ही तंबाखू आता मुख्यतः सायप्रसच्या धर्तीची असते. पानं बंद खोपटात टांगून खाली सुगंधी झुडपांची आणि पाइनची लाकडं मंद धुमसत ठेवतात. पान काळंभोर होईतो हा धूर चालतो. नाइटकॅपचा डबा उघडला की हाच धूर आधी नाकात शिरतो, शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी होळीच्या राखेपाशी उभं राहावं तसा. निपाणीकडच्या मित्राला डबा हुंगायला दिला. त्याच्या घरी विडीची तंबाखू पिकते, उन्हात वाळते. तो म्हणाला, “ही वाळवली की जाळली?” आमच्या घरात तर वरच्या मजल्यावरून हाक येते, “अहो, काही करपतंय का?”

या वेळी घाई केली नाही. डब्यातली तंबाखू दमट असते. तशीच भरली तर धुराबरोबर वाफही येते आणि जीभ पोळते. म्हणून चिमूटभर तंबाखू वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली ठेवली. पुण्याच्या पावसाळ्यात याला चांगलाच वेळ लागतो, थंडीत चहा होईपर्यंत काम होतं. बोटांत चुरली की मोडली पाहिजे, पण भुकटी होता कामा नये. मग हलक्या हाताने भरायची, पहिली काडी नुसती वरचा थर काळा करायला, दाबून दुसरी. झुरके लहान आणि लांब अंतराने. पाइप हाताला चटका देण्याइतका तापला की आपण हावरेपणा करतोय असं समजावं.

असं केल्यावर नाइटकॅपमधला धूर मागे सरकला आणि नाकाच्या मागच्या बाजूला मिरपुडीसारखी एक चुणचुण जाणवू लागली. ती पेरीकची. अमेरिकेत लुइझियानाच्या सेंट जेम्स परगण्यात ही पानं लाकडी पिंपांत दाबून महिनोनमहिने आंबवतात. मिश्रणात ती अगदी थोडी असते, पण तिच्याशिवाय नाइटकॅप नुसतीच काळीकुट्ट झाली असती. जेवणानंतर तासाभराने, पोट भरलेलं असताना ठीक. उपाशीपोटी ओढली तर डोकं गरगरतं, निकोटिन भरपूर आहे.

हे वाचून कुणी पाइप घ्यायला धावू नये. धूर छातीत ओढत नाहीत म्हणून पाइप निरुपद्रवी, ही समजूत साफ खोटी आहे. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग त्यानेही होतो. मी हे जाणून ओढतो, कमी ओढतो, आणि पोराबाळांसमोर नाही.

965ने मात्र खरा धक्का दिला. तिच्यात लताकियाबरोबर तपकिरी कॅव्हेंडिश असते, म्हणजे उष्णता आणि दाब देऊन मऊ केलेली तंबाखू. पूर्वी हाच गोडवा मला गुळमुळीत वाटायचा. आता तोच धुराला धरून ठेवतो असं वाटतं. सगळ्या डब्यांत हाच मला सर्वांत तोलाचा वाटतो. याच मालिकेतल्या ‘रॉयल यॉट’शी अजून जमत नाही. त्यात लताकिया नाही, नुसती दणकट व्हर्जिनिया आणि वर फळाचा वास. ज्यांना आवडते ते तिच्यावर जीव टाकतात, त्यांनी खुशाल टाकावा.

लताकियाचा वास पाइपच्या ब्रायर लाकडात मुरतो, म्हणून नाइटकॅपला एक जुना पाइप कायमचा देऊन टाकलाय. अर्ली मॉर्निंगला दुसरा. ती मी ओढतो दुपारी चारला. पहाटे उठून पाइप पेटवण्याइतका उत्साह या घरात कुणालाच नाही, आणि पेटवलाच तर वरच्या मजल्यावरून काय हाक येईल ते सांगायला नको.